पिनबॉलची खंडेनवमी

पहिले सहा महिने माझ्या मशीनवर कोणी खेळताना मी पाहिलंच नव्हतं! मशीन होतं जयपूर स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या बारमध्ये, आणि मी तिथे जायचं ते फक्त सकाळी, टेबलांवर खुर्च्या उलट्या घातलेल्या असताना, अशी बाबांची अट होती. वर तेच चिडवायचे, "हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं." बाबा बँकेत अधिकारी, बदलीने इथे आलेले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून टीव्ही दुरुस्त करायचे. बंद पडलेल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानातून हे जुनं पिनबॉल मी स्वतःच्या कमाईवर उचललं होतं. पाच रुपयांचं नाणं टाकलं की तीन गोळ्या; दोन्ही बाजूंची बटणं दाबून त्या उडवत राहायच्या, खाली पडू द्यायच्या नाहीत. अर्धा गल्ला माझा, अर्धा बारमालकाचा.

न बघताही मला गिऱ्हाइकं कळायची. काचेवर ग्लासांची ओली वर्तुळं वाळलेली असली की आदल्या दिवशी गर्दी. उजव्या बटणाभोवतीचा रंग पार उडालेला, डाव्या बाजूचा मात्र शाबूत. म्हणजे डाव्या हातात पेला! एका हाताने खेळलं की तिन्ही गोळ्या झटपट खाली, आणि मग चिडलेला माणूस दुसरं नाणं कशाला टाकेल? शिवाय मशीनला मागून उंची लागते, नाहीतर गोळी सुस्तावते. मी मागच्या पायांखाली लाकडाच्या चकत्या द्यायचे आणि फरशी पुसणारा त्या इमानेइतबारे काढून ठेवायचा. उन्हाळ्यात आतली रबरं तडकली. चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका गल्लीत, स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानात नेमक्या मापाची रबरं मिळाली तेव्हा मी दुकानातच टाळी वाजवली.

पण मेहनत मणभर आणि मिळकत कणभर. शेवटी मालक म्हणाले, "बाईसा, कोना घिरा पड़ा है। दशहरे तक देखूँगा, फिर वहाँ टीवी लगेगा।"

नेमकी त्याच आठवड्यात बाबांची पुण्याला बदली आली. बाबांनीही दसराच धरला. "मशीन टिकलं तर राहा इथे खोली घेऊन. नाही टिकलं तर मुकाट्याने पुण्याला चल." आईने तर माझे स्वेटर ट्रंकेच्या तळाशी घालूनही टाकले. मला रडूच आलं. शाळेपासून जयपुरात वाढले होते मी. पुण्यात माझं काय होतं?

मी गल्ला रविवारी उघडायचे. एकदा मशीनचा दिवा गेला म्हणून बुधवारी गेले आणि सहज पेटी ओढली, तर ती चांगलीच जड लागली. रविवारी निघायची जवळजवळ तेवढी नाणी बुधवारीच! मी चक्रावलेच. वेटर हसला. "कल मंगल था ना दीदी। मंगल को आधे लोग पीते नहीं। दोस्तों के साथ आते हैं, सोडा लेकर कितनी देर बैठेंगे?"

इकडे मंगळवार म्हणजे मारुतीचा वार! न पिणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे, डोकं ताळ्यावर आणि वेळ जाता जात नाही. मी तिथेच बोटं मोजायला लागले. नवरात्रात तर इथले कितीतरी लोक नऊच्या नऊ दिवस दारूला शिवत नाहीत. म्हणजे ओळीने नऊ मंगळवार, तेही दसऱ्याच्या तोंडावर! घरी येईपर्यंत मी स्कूटरवर गात होते.

नवरात्रात मी रोज सकाळी हजर. नवी रबरं, लखलखीत काच, आणि चकत्या थेट पायांनाच चिकटवलेल्या. आठ दिवस पेटी गच्च. मालक नुसते "हूँ" म्हणायचे, पण माझा चहा स्वतः मागवायचे.

नवव्या दिवशी आई म्हणाली, "आज खंडेनवमी. मीही येते." आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. बाबांचं पेन, आईची विळी, माझी सोल्डरिंगची कांडी, सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि दिवसभर त्यांना कोणी हात लावत नाही. आईने मशीनला झेंडूचा हार घातला, मी प्लग काढला, दोघींनी नमस्कार केला आणि आम्ही शास्त्री नगरला घरी आलो. पुरणपोळी जेवून मी चक्क झोपले!

संध्याकाळी फोन खणखणला. मालक ओरडत होते, "बाईसा, मशीन बंद! बीस लोग खड़े हैं!"

"प्लग लगा दीजिए ना!"

"पूजा की हुई चीज़ को कौन छुएगा?"

सगळ्यात गर्दीची संध्याकाळ, उद्या दसरा, आणि मशीन मीच बंद करून आले होते. मी आईकडे बघितलं. तिने विचारलं, "किती जण आहेत?"

"वीसेक तरी."

"मग जा, सुरू कर ते. सकाळपासून विसावा झालाय त्याचा. वीस माणसांना ताटकळत ठेवलेलं देवीलाही नाही आवडायचं."

बाबांनी स्कूटरची किल्ली उचलली.

बारमध्ये माणसं मशीनभोवती अर्धगोल करून उभी होती. हार जसाच्या तसा. कोणीतरी काचेवर पाच रुपये वाहिले होते! मी हार उतरवला, प्लग लावला, आणि दिवे लागले तसा असा गलका उठला की माझ्या अंगावर काटा आला. पहिल्यांदाच बघत होते मी! एक टकलू काका दोन्ही हातांनी बटणं बडवत गोळीला शिव्या घालत होते, आणि प्रत्येक टणत्काराला बाकीचे माना हलवत होते. माझी रबरं, माझा उतार, माझे दिवे. मला इतका आनंद झाला की कुठे बघू कळेना.

शेजारी बघितलं तर बाबा नव्हते. ते रांगेत उभे होते. त्यांची पाळी आली, तिन्ही गोळ्या क्षणात गेल्या, आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी मागे हात पसरला. "पाच रुपये दे."

निघताना मालक म्हणाले, "टीवी काउंटर के ऊपर लगा लूँगा, बाईसा।"

आम्ही घरी पोहोचलो. दार उघडून आईने विचारलं, "काय झालं?"

"हिचे स्वेटर काढ ट्रंकेतून," बाबा म्हणाले. "इथली थंडी कडक असते."