जराथांबा मॅडम

आमच्या क्वालिटीच्या मॅडमना सगळ्याचीच भीती वाटायची. लिफ्टची, मांजरांची, फोर्कलिफ्टच्या हॉर्नची, कंपनीच्या बसने चाकणच्या चौकात घेतलेल्या वळणाची. कोणी सहीसाठी कागद पुढे केला की त्या आधी म्हणणार, "जरा थांबा." म्हणून सगळ्या प्लांटने त्यांचं नाव जराथांबा मॅडम ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "ठेवू दे," त्या म्हणायच्या. "घाईने बोट तुटतं. नावाने काही तुटत नाही."

आम्ही दुचाकीच्या ब्रेकमध्ये बसणारे छोटे पिस्टन बनवायचो. लॉटमधले काही नग मोजायचे, मापं संगणकात भरायची, मग एक प्रोग्राम त्यांचा आलेख काढून लॉट पाठवायला ठीक आहे की नाही ते सांगायचा. हा प्रोग्राम इतका जुना, की तो बनवणारी मंडळी कधीच दुकान बंद करून गेली होती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसशी वैर. एकाच जाडजूड संगणकावर तो चालायचा. एक आलेख छापायचा तर माणसाने निवांत चहा पिऊन यावं. मी बीडहून येऊन नवा चिकटलो होतो, माझा जीव जायचा त्याच्यापुढे. नवा प्रोग्राम मागितला की प्लांटचे साहेब विचारायचे, "चालतोय ना? मग झालं तर!"

खंडेनवमीला प्लांटमधली सगळी यंत्रं बंद करून पुसायची, हार घालायचे, नारळ फोडायचा. त्या संगणकाची पूजा मात्र चालू ठेवूनच व्हायची. एकदा बंद केला तर परत उठेल याची खात्री कोणालाच नव्हती. मॅडम स्वतः त्याला हळदकुंकू लावायच्या, हाराचं फूल पंख्यात जाऊ नये म्हणून हात आडवा धरायच्या. वीज गेली की सगळ्यात आधी त्याच खोलीकडे धावायच्या. "हा गेला तर आपण आंधळे," म्हणायच्या. तो बंद पडेल ही भीती आम्हा सगळ्यांनाच होती. तो चालू राहून चुकेल, हे मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

एका वर्षी ग्राहकाने पिस्टनचं ड्रॉइंग बदललं, माप जास्त काटेकोर केलं. पुढे काही महिने आमचे आलेख फार सुरेख येऊ लागले. साहेब खूश. एका सकाळी मालाची गाडी भरून उभी होती आणि मी आलेख घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेलो. त्यांनी तो नुसता बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, ही रेघ इतकी सरळ कशी?"

"चांगलंच आहे की, मॅडम."

"टूल झिजतात, माणसं दमतात. थोडं तरी वरखाली व्हायला हवं. मला भीती वाटतेय. जरा थांब."

त्यांनी लॉटमधला एक नग उचलला, मोजला, आकडा भरून एंटर दाबलं. एरवी आकडा पडद्यावरून जायचा, ठिपका उमटायचा आणि आम्ही पुढचा नग घ्यायचो. मॅडमनी आत साठवलेला आकडा उघडून बघितला. दशांश चिन्हानंतर त्यांनी तीन अंक भरले होते, आत दोनच होते. तिसरा अंक त्या प्रोग्रामने गुपचूप कापला होता. जुन्या ड्रॉइंगला दोन अंक पुरत होते, नव्याचा सगळा खेळ तिसऱ्यावर होता. जास्त जाड झालेला पिस्टन आलेखात बरोबर दिसत होता. असा पिस्टन ब्रेकमध्ये अडकू शकतो.

मशिनवरचे शिंदेभाऊ मागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "म्हंजी मॅडम, आदी गेलेला माल बी..."

मॅडम फोन घेऊन कोपऱ्यात गेल्या. त्यांची लेक सांगवीहून स्कूटरने कॉलेजला जायची. "आज गाडी काढू नकोस," त्या सांगत होत्या. "नाही, उद्याही नको. का ते नंतर सांगते. आधी वचन दे."

साहेब आले. आधी चिडले, मग मवाळ झाले. "मॅडम, हा लॉट थांबवू. पण गेलेलं गेलं. बाहेर बोललात तर ऑर्डर जाईल, तुमची आमची नोकरी जाईल."

"मलाही नोकरीची भीती वाटते, साहेब," मॅडम म्हणाल्या. आवाज रडवेला होता. "पण ही दुसरी भीती घेऊन मला घरी जाता येणार नाही." आणि साहेबांच्या समोर बसून त्यांनी ग्राहकाला मेल लिहिली. पाठवताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. इतका घाबरलेला माणूस इतका ठाम राहिलेला मी परत पाहिला नाही.

बराचसा माल परत आला. काही पिस्टन मात्र गाड्यांना लागून रस्त्यावर गेले होते. त्यातल्या काही गाड्या सापडल्या, काही नाहीत. कंपनी वाचली, नवा प्रोग्रामही आला. मॅडमना ट्रेनिंगच्या खोलीत नेऊन बसवलं आणि थोड्याच महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला.

पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो. कांदेपोहे झाले, माझ्या लग्नाची चौकशी झाली. मग त्यांनी विचारलं, "राहिलेले सापडले का रे?"

"नाही. पण कुठे काही झाल्याचंही कानावर नाही, मॅडम."

"कानावर आलं नाही म्हणजे झालं नाही असं नसतं," त्या म्हणाल्या.

निघालो तर त्या गुडघे धरत माझ्याबरोबर खाली आल्या. माझ्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक त्यांनी स्वतः दाबला, मला गाडी ढकलायला लावली, परत दाबला. दोनदा. मग म्हणाल्या, "जा आता. हळू जा."

ती शेवटची भेट. मॅडमना जाऊन आता दोन वर्षं होतील. आकुर्डीला माझ्या घरी कोणी दुचाकीवरून आलं की निघताना मी खाली जातो आणि ब्रेक दाबून बघतो. पाहुणे हसतात, बायको वैतागते. मला लाज वाटते, पण हात ऐकत नाही. यांच्यातल्याच कोणाच्या तरी गाडीत त्या न सापडलेल्यांतला एखादा पिस्टन असेल.