मागचं डावं चाक

आधीच सांगतो... करणी, चकवा, बाधा, यातलं मला काही मान्य नाही. अंबाजोगाईजवळच्या एका आयटीआयमध्ये मी वायरमन ट्रेड शिकवतो. हातात टेस्टर असला की जगात गूढ काही उरत नाही, हे वाक्य मी पोरांना दरवर्षी पहिल्याच तासाला ऐकवतो. त्यामुळे खालचा प्रकार मी हौसेनं लिहीत नाहीये, संतापून लिहितोय. संताप नेमका कुणावर, ते अजून ठरलेलं नाही.

माझी गाडी सेकंडहँड, पांढरी. सासुरवाडी घाटनांदूरला, म्हणून त्या रस्त्यावर आठवड्यातून दोन चकरा ठरलेल्या. दसऱ्यानंतर एक दिवस घाटनांदूरच्या अलीकडं, एक वळण संपून सरळ रस्ता लागतो तिथं, डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागले. एक एबीएसचा, दुसरा ट्रॅक्शन कंट्रोलचा – ते घसरणाऱ्या गाडीचं चित्र असतं ना, तो. गाडी बंद करून परत चालू केली, दिवे गायब. पुढच्या चकरेला त्याच जागी परत. कधी लागायचे, कधी नाही. पण लागले की तिथंच.

गाडी नेली युनूसकडे. युनूस (नाव बदललंय) माझा शाळेतला मित्र, गावातला नावाजलेला मिस्त्री. त्यानं स्कॅनर लावला. "मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर बोंबलतोय," म्हणाला. चाक काढलं, आत हात घातला आणि तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं बाहेर काढलं. तारेत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

आता हे माझंच कर्तृत्व. दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. मी चारी चाकांनाही हार घातले होते, आणि दोऱ्यानं बांधले तर सुटतील म्हणून वर्कशॉपमधली तार वापरून पक्के बांधले होते. वरून तशीच गाडी गावभर फिरवली.

युनूसनं तार सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवली. "देवाला हार गळ्यात घालतेत. आमचे सर पायात घालतेत, ते बी करंटवाला."

सगळे हसले, मीही हसलो. चाकाचा वेग मोजणारा नवा सेन्सर बसला. कारण सापडलं म्हणून मी खूश होतो. चौथ्या दिवशी घाटनांदूरला निघालो, वळण संपलं... दोन्ही दिवे.

मग सुरू झाला तमाशा. युनूसनं उजवीकडचा सेन्सर डावीकडं, डावीकडचा उजवीकडं लावून बघितला. तसं केल्यावर खराबी सेन्सरमध्ये असेल तर स्कॅनरवरचा कोड बाजू बदलतो. बदलला नाही, तक्रार डाव्याच चाकाची. मग बेअरिंग, आतली दातेरी चकती, वायरिंग, बॅटरीची अर्थिंग. ब्रेकचा ड्रम उघडून बघितला, चाक एका बोटानं फिरत होतं. तो गावात चालवून बघायचा तेव्हा काही नाही. मी घाटनांदूरला गेलो की दिवे.

पाचव्या खेपेला माझं डोकं फिरलं. मी गॅरेजच्या दारात, चारपाच गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "येत नसेल तर येत नाही म्हण. लोकांना फसवू नको."

युनूस हात पुसत म्हणाला, "फसवतोय कावून म्हणतो बे? दाखव ना, काय फसवलं."

उत्तर नसलं की माझा आवाज वाढतो, ही माझी जुनी खोड. घरी येऊन गावातल्या मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं – युनूस मिस्त्री जुनाच सेन्सर पुसून नवा म्हणून लावतो. शंभर टक्के खोटं. पाठवताना ते मला ठाऊक होतं.

बायकोनं वाचलं. "अहो, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं का?"

"दिवा बघितला ना मी."

"दिवा बघितला म्हणजे चोरी बघितली?"

मी जेवणाचं ताट सारून उठलो. महिन्याभरात युनूसच्या दारातली गर्दी निम्म्यावर आली. बसस्टँडकडं जाताना त्याचं गॅरेज लागायचं, म्हणून मी रस्ता बदलला.

एका रविवारी दुपारी तोच घरी आला. स्कॅनर काखेत, चेहरा दगडासारखा. चहा घेतला नाही. "गाडी काढ. आज माज्या डोळ्यांदेखत दिवा लाव."

आम्ही घाटनांदूरकडं निघालो. स्कॅनर त्याच्या मांडीवर, पडद्यावर चारी चाकांच्या वेगाचे चार आकडे. चाळीस, चाळीस, एकेचाळीस, चाळीस. वळणापुढं रस्त्याचं काम निघालं होतं, ताजा मुरूम पसरलेला. (मुरूम आत्ता पडला होता, दिवे त्याच्या कितीतरी आधीपासून, डांबरावर लागायचे. कमेंटमध्ये मुरमावर घसरू नका.) आम्ही सरळ तुकड्यावर आलो आणि चौथा आकडा, मागच्या डाव्या चाकाचा, शून्य झाला. बाकीचे तीन चाळीसवरच. दोन्ही दिवे लागले. गाडीला ना झटका, ना आवाज, ना ओढ.

"ब्रेक मारू नको," युनूस हळूच म्हणाला. दोनेक सेकंदांत आकडा परत चाळीस झाला. "आता थांबव."

तो खाली उतरला आणि मागं चालत गेला. मी गाडीपाशीच होतो. त्यानं नुसता हात वर करून बोलावलं.

मुरमात आमच्या चाकांचे दोन पट्टे उमटले होते. उजव्या पट्ट्यात टायरची नक्षी अगदी स्वच्छ. डाव्या पट्ट्यात नक्षी येत येत अचानक थांबलेली, आणि पुढं सपाट, फरफटल्यासारखी रेघ. न फिरणारं चाक ओढत नेल्यावर पडते तशी. मी पावलं मोजली, सव्वीस. त्यानंतर परत नक्षी सुरू.

म्हणजे चाक खरंच थांबलं होतं.

आम्ही पळत गाडीकडं आलो. युनूस चाकापाशी बसला. चाक ओढलं गेलं तर खालचा भाग खरवडून निघतो. या टायरच्या खाचांत मुरूम चौफेर सारखा भरलेला, कुठंही घासल्याची खूण नाही. ड्रमला हात लावला तर इतर चाकांइतकाच कोमट. म्हणजे चाक सबंध वेळ फिरत आलं होतं. रस्ता म्हणत होता थांबलं, यंत्र म्हणत होतं थांबलं, आणि टायर म्हणत होता नाही.

मी खाचांवरून परत एकदा बोट फिरवलं. युनूस मात्र भडकला. उठून त्यानं चाकाला अशी लाथ घातली की चप्पल उडाली.

"हिच्यापायी मी चोर झालो," तो म्हणाला. "ह्या रेघेपायी."

मी म्हणालो, "मी आज ग्रुपवर लिहितो. हे सगळं, जसंच्या तसं."

"काय लिवशील? चाक फिरत बी होतं आन थांबलं बी होतं? सध्या चोर म्हणतेत. उद्या म्हणतील, काम येईना म्हणून भुताचं नाव घेतंय. चोराकडं निदान स्वस्तात काम होईल म्हणून येतेत लोकं. असल्या मिस्त्रीकडं कोन येतंय?"

फोटो काढू म्हणालो. फोन बाहेर काढेपर्यंत मागून मुरमाचा टिप्पर आला आणि आमच्या रेघेवरून निघून गेला.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं – युनूसचं काम चोख होतं. मीच घरी वायर उघडून चुकीची जोडली आणि आळ त्याच्यावर घेतला. जाहीर माफी. खोट्याची भरपाई दुसऱ्या खोट्यानं करायची अक्कल वायरमनच्या मास्तरालाच सुचणार. दोन मिनिटांत सगळ्यांना पटलं. एकानंही शंका घेतली नाही, याचाही मला राग आला. आता मी फळ्यावर सर्किट काढलं की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, नक्की अशीच जोडायची ना?"

युनूसचं गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. माझ्याशी तो बोलतो, पण तोलून. त्या वळणावर अजूनही दिवे लागतात. लातूरला दोन ठिकाणी गाडी दाखवली, दोघांनी सेन्सर बदला म्हणून सांगितलं. मी गाडी तशीच परत आणली.

शेवटी कंटाळून युनूसला म्हणालो, गाडी विकून टाकतो.

"विकू नको," तो म्हणाला. "घेणाऱ्याला दिवा दिसंल. तो त्याच्या मिस्त्रीकडं जाईल. पाच खेपा झाल्या की त्यो मिस्त्री चोर ठरंल. आन त्याच्यासाठी खोटं लिवायला तू थोडाच जाणार हायस?"

म्हणून गाडी अजून माझ्याच दारात आहे. का होतं, ते मला माहीत नाही. युनूसलाही नाही.