ओल्या गोणपाटाचं उदाहरण

माणसाचं मन यंत्रात उतरवून घेता येईल का, या विषयावर परभणीत एकदा एक व्याख्यान झालं. ते मी लिहिलं होतं, दिलं दुसऱ्याने. एवढी वर्षं झाली तरी त्या संध्याकाळची आठवण आली की माझे कान तापतात. तापलेलेच बरे, असं मला वाटतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागायला तेव्हा अजून तीन-चार वर्षं होती. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवत होते, म्हणजे पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही हे विभागप्रमुखांच्या मर्जीवर. सर तसे वाचणारे, मोकळे. माझ्याबरोबर एका टेबलावर बसून चहा प्यायचे. तेव्हाच्या कॉलेजात ही छोटी गोष्ट नव्हती. त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने इंग्रजी लेखांच्या झेरॉक्सचा गठ्ठा पाठवला आणि सरांनी तो जसाच्या तसा माझ्यापुढे ठेवला.

"हे वाचा आणि मराठीत आणा," सर म्हणाले. "व्याख्यानमालेत यावर तुम्हीच बोला."

मी हरखून गेले. परभणीत संगणक डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी, आणि मी निघाले होते त्यात माणूस भरायला.

गठ्ठ्यात दोन तऱ्हेचे लेख होते. प्रास्ताविक लेख सगळे घाईत. मेंदू गोठवा, कागदाहून पातळ काप काढा, कुठली पेशी कुठल्या पेशीला जोडलेली आहे ते टिपा, तीच जोडणी यंत्रात उभी करा, की माणूस यंत्रात जागा झाला. दुसऱ्या पानावर अमरसुद्धा झाला. कुणाला अमर करायचं हे कुणीच विचारलं नव्हतं. लिहिणारा स्वतःलाच धरून चालला होता.

सिद्धान्ताचे लेख जड होते, पण त्यांत जीव होता. एक म्हणे, पेशींची जोडणी टिपली की पुरे. दुसरा म्हणे, पेशीच्या आतली रसायनंही उतरवावी लागतील. तिसऱ्याला शंका होती की नक्कल बोलेल, हसेल, पण आत कुणी असेलच कशावरून. एकाच माणसाच्या दोन नकला झाल्या तर घरावर हक्क कुणाचा, यावर एकाने अख्खा लेख खर्ची घातला होता. आमच्याकडे एका बापाच्या दोन पोरांत हा प्रश्न सुटत नाही आणि हे निघाले होते नकलांचा सोडवायला.

वाचताना राग यायचा आणि गठ्ठा खालीही ठेववत नव्हता. कारण या सगळ्या विद्वानांनी अंग वगळलं होतं. मन म्हणजे मेंदूतली मांडणी आणि देह म्हणजे नुसता डबा, डबा बदलला तरी आतला माल तोच. ज्यांच्या ओंजळीत कधी कुणी वरून पाणी ओतलं नाही, त्यांनाच अंग असं सहज टाकून देता येतं. मला ते टाकता येत नव्हतं, आणि आमच्या खोलीत मायलाही येत नव्हतं.

परभणीत एका भाड्याच्या खोलीत आम्ही दोघीच राहायचो. वडील मी लहान असतानाच गेले होते. माय रोज दिवेलागणीला एक गोणपाट बादलीत बुडवायची आणि ओलंच दाराशी टांगायची. उन्हाळ्यात नळाला चार दिवसांआड पाणी, तरी गोणपाटाचं पाणी ती राखून ठेवायची. वर स्लॅब, भिंती विटांच्या, पेटण्यासारखं काही नाही. मी चिडले तरी ती ऐकायची नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्यांवर त्याचा सूड निघाला. आमच्या गावात आधी गिरणीवाल्याने आमचं दळण घेणं बंद केलं, मग दुकानदाराने मीठ-तेल. त्यानंतर एका दुपारी माणसं आली आणि त्यांनी वस्ती पेटवली. मी तेव्हा नववीत होते. मायने ओलं गोणपाट दोघींच्या डोक्यावर घेतलं आणि आम्ही उभ्या ज्वारीतून ओढ्याकडे पळालो, म्हणून वाचलो. पुढे पंचनामा झाला. त्यात आगीचं कारण लिहिलं, चुलीतली ठिणगी. मायने पंचांना काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता, पण ते लिहून घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्यानंतर तिने त्या दुपारबद्दल तोंड उघडलं नाही. गोणपाट मात्र रोज भिजत राहिलं.

मी लेख वाचत होते आणि ती गोणपाट पिळत होती, तेव्हाच मला माझं उदाहरण सापडलं.

समजा, या बाईचा मेंदू हुबेहूब यंत्रात उतरवला. यंत्राला दार नाही, छप्पर नाही, भाजणारी कातडी नाही. तर संध्याकाळ झाली की ते यंत्र ओलं गोणपाट मागेल का? मागितलं नाही, तर ती ही बाई नव्हे. मागितलं, तर ते द्यायचं कसं आणि टांगायचं कुठे? गठ्ठ्यातल्या एकाही लेखात याचं उत्तर नव्हतं, म्हणून मला ते उदाहरण फार आवडलं.

"माय, तुझी गोष्ट भाषणात सांगू का?" मी विचारलं. "नाव नाही घेणार."

तिने गोणपाट दाराशी टांगलं. मग म्हणाली, "आग लावली व्हती, आसं सांगशील का?"

"सांगेन."

"मंग सांग बाई. अन् मी बी यीन ऐकायला. चार मान्सांत कुनीतरी खरं बोललेलं एकदा कानानं ऐकू दी."

व्याख्यानाला आठवडा राहिला तेव्हा सरांनी मला बोलावलं. पत्रिका छापून आली होती आणि तिच्यावर त्यांचं नाव होतं.

"मॅडम, वातावरण नाजूक आहे," ते म्हणाले. "पुन्हा मोर्चे निघतायत. तुमचं नाव बघून लोक विषय सोडून भलतंच ऐकतील. मजकूर सगळा तुमचाच राहील."

"आणि गोणपाटाचं उदाहरण?"

"ते तर उत्तम आहे. ते ठेवणारच."

माझ्या अंगाची आग झाली, पण उदाहरण राहतंय म्हणून मी कागद त्यांच्या हातात दिले. माझे शब्द हवेत आणि मी नको. अंगाशिवाय मन कसं चालतं याचा एवढा सोपा नमुना त्या गठ्ठ्यातही नव्हता. घरी मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "कुनी का बोलंना, खरं बोललं म्हंजी झालं."

त्या दिवशी माय धुतलेलं लुगडं नेसून आली आणि बायकांच्या मागच्या रांगेत बसली. हॉल भरला होता. सर चांगले बोलले, हे मला कबूल करावं लागतं. नकलांच्या घराच्या वाक्याला लोक हसले. मी बाजूच्या खुर्चीवर बसून माझंच डोकं दुसऱ्याच्या तोंडून चालताना ऐकत होते. मग उदाहरण आलं.

"एक बाई आहे," सर म्हणाले. "चुलीतली ठिणगी उडून तिचं घर जळालं. तेव्हापासून ती रोज..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी मागे वळून मायकडे पाहिलं. ती सरांकडे एकटक पाहत होती, माझ्याकडे नाही.

प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा मी उभी राहिले. "सर, मेंदूची नक्कल करताना एकच आठवण बदलली. आग लोकांनी लावली होती, तिथे ठिणगी घातली. बाकी सगळं तसंच ठेवलं. ती बाई तीच राहिली का?"

सर हसले. "चांगला प्रश्न आहे. आपण रोजच काही विसरतो, काही वेगळं आठवतो. एक धागा बदलला म्हणून लुगडं बदलत नाही."

ते वाक्य माझं होतं. मायचं, फाटका भाग काढून दंड घातलेलं लुगडं डोळ्यांपुढे ठेवून मीच ते व्याख्यानात लिहिलं होतं. हॉलमधले लोक माना डोलवत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. माय उभी होती.

"माजी चूल त्या दिशी पेटलीच न्हवती," ती म्हणाली. "गिरनीनं दळन घेतलं न्हवतं. घरात पीठच न्हवतं, तर चूल कशाला पेटवू?"

ही बाई कोण, हे कुणाला कळलं नाही. आयोजकांनी माईक घेतला. "मावशी, प्रश्न विषयाला धरून विचारा."

काही लोक हसले. मायला वाटलं, पुढच्यांना ऐकू गेलं नाही. तिने तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

लोक पांगल्यावर मी व्यासपीठापाशी जाऊन सरांना विचारलं, आग लावली हे का काढलंत.

"मॅडम, आग कशाने लागली याने काय फरक पडतो?" ते खरोखर समजावून सांगत होते. "तर्क तोच राहतो ना."

तर्क तोच राहतो, हे खरं होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. त्या तर्काला माझ्या मायच्या मनातलं भय हवं होतं, ते भय घालणारी माणसं नको होती.

पुढच्या वर्षी मला तास मिळाले नाहीत. व्याख्यानमालेची स्मरणिका निघाली, तिच्यात ते व्याख्यान सरांच्या नावाने शब्दशः आहे. माय जाऊन बरीच वर्षं झाली. स्मरणिकेत तिची चूल अजून पेटलेली आहे.