दुपारी फाटलेला मांजरपाट

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. घरात आजारी माणूस आणि डोक्यावर दुकान असलं की भुतांसाठी वेळ कुठला? तरी हे एकदा लिहून टाकते.

साठचं दशक संपत आलं होतं. पालघरच्या बाजारपेठेतलं आमचं कापडाचं दुकान सासऱ्यांनी काढलेलं. सफाळ्यापासून तारापूरपर्यंत लग्न असो की मयत, कापड आमच्याकडचं. सासरे गेले, मग नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला, आणि गादीवर मी बसले. तिकडे तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम चालू, बोईसरला नवी दुकानं निघालेली... आमची गिऱ्हाइकं तिकडे वळत होती. मी नुसती थकले होते.

एका दुपारी कडी घालून दुकानातच आडवी झाले होते. टर्रर्र... कापड फाडल्याचा आवाज! उठून पाहिलं — कोणी नाही. कडी तशीच. फळीवर पांढऱ्या मांजरपाटाचा लांब तुकडा, नुकता फाडलेला. मयताच्या कापडाला आम्ही कात्री लावत नसू, हातानेच फाडून देत असू.

थोड्या वेळाने दार वाजलं. जवळच्या पाड्यावरचा एकजण, डोळे लाल.

"वैनी, पांढरं कापड द्या. आय गेली."

मी तोच तुकडा दिला. थकव्याने स्वतःच फाडला असेल झोपेत, अशी मनाची समजूत घातली.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच आवाज. या वेळी तुकडा हातभर. एवढासा...

दार सताड उघडून पायरीवर बसून राहिले. तेवढ्यात एक बाई आली, खांद्यावर तान्हं पोर.

"झबल्याला कापड दाखवा, वैनी. नवरा बोईसरला कामाला हाय, त्याच्याकडं चाललोय. गाडीला येळ हाय अजून."

मी पोराच्या कपाळाला हात लावला. चटकाच बसला.

"कधीपासून ताप?"

"कालपासून. आता निजलाय."

"निजला नाही गं तो! चल आधी."

दुकान उघडं टाकून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिच्यावर ओरडले, सुई दिली, पोराला ठेवून घेतलं. सकाळी गेले तर बाहेरूनच त्याचं रडणं ऐकू आलं. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि नवऱ्याच्या आजारपणात आलं नव्हतं तेवढं रडू आलं.

आवाज नंतर कधीच आला नाही.

दिवाळीला ती बाई आली. पोरगं रांगत सगळ्या ताक्यांवरून फिरलं, घड्या विस्कटल्या.

"वैनी, मला आईला कळलं नाय, तुमाला कसं कळलं?"

"नाही सांगता येत गं," म्हटलं, आणि घड्या घालायला बसले.

खरंच नाही सांगता येत. अजूनही.