इंजिनात नारळाचं पाणी कोणी ओतलं?

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. १९८७ साली, खंडेनवमीच्या सकाळी, नाशिक रोडच्या एका खासगी तांत्रिक शिक्षणसंस्थेच्या हॉलमध्ये, भरलेल्या खुर्च्यांसमोर झाला. मी तिसऱ्या रांगेत होते. जे पाहिलं तेच या पत्रकात लिहिते आहे. नावं मात्र लिहीत नाही, कारण ताईची तशी अट आहे. "एकाचं जरी नाव छापलंस ना, तर तुझी ती पत्रकं बंबात घालीन," असं ती म्हणाली, आणि ती घालेल.

आधी इंजिनाबद्दल सांगते. संस्थेच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात वाफेच्या इंजिनाची एक प्रतिकृती होती. हातभर लांब, काळी, ओतीव धातूची, उचलायला जड. कोणा निवृत्त रेल्वे अधिकाऱ्याने देणगी म्हणून दिलेली. दिसायला वाफेचं इंजिन, पण पोटात विजेची मोटर. रुळातून वीज घ्यायची आणि चाकं फिरवायची. आम्ही लहान होतो तेव्हा, म्हणजे सत्तरनंतरच्या वर्षांत, खंडेनवमीला तो हॉल सगळ्यांना खुला असायचा. प्रेसच्या क्वार्टर्समधली, स्टेशनामागची, आमच्या बौद्ध वसाहतीतली, सगळी पोरं त्या लांबलचक टेबलाला लोंबकळायची. टेबलावर गोल रूळ, रुळावर हे मोठं इंजिन आणि एक धाकटं. एक मास्तर काळी खुंटी फिरवायचे आणि दोन्ही एकदम सुटायची.

ताईने एकदा विचारलं, "मास्तर, एकालाच थांबवता येत नाही का?"

"नाही गं. रुळात वीज आली की रुळावर जे आहे ते पळणार."

"म्हणजे इंजिनाला विचारतच नाही कोणी?"

मास्तर हसले. "ही पोरगी वकील होणार," म्हणाले.

वकील नाही झाली. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, वर्गात एकटी मुलगी, आणि त्याच संस्थेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली. हंगामी. दर काही महिन्यांनी नेमणुकीचा नवा आदेश, मध्ये दोन दिवसांचा खंड, पुन्हा आदेश. हा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

सत्त्याऐंशी साली संस्थेला इलेक्ट्रॉनिक्सचा नवा वर्ग काढायचा होता. एका विश्वस्ताच्या मुलाने जर्मनीहून नव्या तऱ्हेचं सामान आणलं होतं. बटणांची एक पेटी आणि बोटाएवढी दोन सर्किटं. त्याला डिजिटल कंट्रोल म्हणायचं. प्राचार्यांनी ताईला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, ते जुनं इंजिन यावर चालवून दाखवा. खंडेनवमीला पाहुण्यांसमोर चाललं, तर नव्या वर्गाला शिकवणाऱ्या निदेशक तुम्ही. कायम."

कायम. हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी किती वेळा उच्चारला गेला! आईने तर शेजारी सांगूनही टाकलं.

काम काय होतं ते समजून घ्या, नाहीतर पुढची लबाडी कळणार नाही. नव्या पद्धतीत रुळात वीज सतत असते आणि विजेबरोबर हुकूम जातो: तीन नंबर, चल. इंजिनातलं सर्किट आपला आकडा ऐकतं आणि तेवढ्यापुरतंच मोटरीला वीज देतं. लहानपणी तिने मास्तरांकडे जे मागितलं होतं, तेच! पण जुन्या इंजिनात मोटरीचं एक टोक सरळ धातूच्या अंगालाच टेकवलेलं असतं. ते आधी सोडवावं लागतं. मोटर आणि अंग यांचा कुठेही स्पर्श उरता कामा नये. एवढासा जरी उरला तरी सर्किट जळतं.

आणि पहिलं सर्किट ताईने जाळलं. खरं आहे ते. मोटर बसवायचा स्क्रूच आतून टेकत होता, तिच्या लक्षात आलं नाही. ती स्वतः प्राचार्यांच्या खोलीत गेली, जळकं सर्किट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सर, चूक माझी. स्क्रू टेकत होता." लपवलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण तिने सांगितलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याचाच दगड करून तिला मारला.

दुसऱ्या सर्किटाला तिने जिवापाड जपलं. बॉलपेनची रिकामी रिफील कापून तिची नळी त्या स्क्रूवर चढवली. वडिलांच्या छातीचा जुना एक्स-रे कापून मोटरीखाली पट्टी घातली. वडील म्हणाले, "चला, आमच्या फुफ्फुसांचा कोणाला तरी उपयोग झाला." इंजिनाच्या पोटात जागा नव्हती, म्हणून सर्किट इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात बसवलं. झाकण दोन स्क्रूंनी आवळलं. झाकणाला वायरीपुरती फट होती, तिच्यावर रेल्वे यार्डातून आणलेल्या खऱ्या कोळशाचा चुरा पसरला.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी तिने मला हॉलमध्ये नेलं. "चार दाब." मी दाबलं. इंजिन ढिम्म. "आता तीन." ते इतकं हळू सुटलं की चाकाचा एकेक दांडा वळताना दिसत होता.

"बघ," ताई म्हणाली, "दुसऱ्याच्या हाकेला ओ देत नाही."

आता खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. आमच्या घरात होत नाही. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, आई-वडील नागपूरच्या गाडीत बसून गेलेले. पण ताई पूजेला नाही म्हणाली नाही. पुन्हा लिहिते: नाही म्हणाली नाही. हळदकुंकवाचं ताट तिनेच टेबलावर सरकवून ठेवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "हार घाला, बोटाने कुंकू लावा. फक्त पाणी नको. कोळशाच्या डब्यात सर्किट आहे आणि वरून फट आहे."

स्टोअरकीपर म्हणाले, "तुम्हा लोकांचं ठाऊक आहे आम्हाला. नारळ म्हटलं की पोटात दुखतं."

"साहेब, नारळ फोडा की! दगडावर फोडा. सर्किट ओलं झालं तर ते माझी जात बघत नाही आणि तुमचीही बघत नाही."

"बघा, बघा, पूजेच्या दिवशी कसं बोलतात ते."

प्राचार्य तिथेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. घड्याळ बघितलं.

पाहुणे आले. संस्थेला देणगी देणारे कारखानदार, हसतमुख माणूस. इगतपुरीकडचे शिपाईमामा पाटावरच्या दगडावर नारळ फोडून मोकळे झाले. ताईने श्वास सोडलेला मी पाहिला. तेवढ्यात पाहुण्यांनी मामांच्या हातातली नारळाची पाणीभरली वाटी घेतली आणि हॉलकडे वळून म्हणाले, "अहो, वाफेचं इंजिन आहे ना हे? मग त्याला पाणी नको पाजायला?"

हॉल खदखदून हसला. ताई ओरडली, "साहेब, नको!" पण त्या हशात कोण ऐकतंय? वाटी कोळशाच्या डब्यावर पालथी झाली. टाळ्या.

ताई पुढे धावली, तर स्टोअरकीपर मध्ये आडवे उभे. आणि पाहुण्यांनी स्वतःच तीनचं बटण दाबलं.

इंजिन हाललं नाही. डब्यातून धुराची एक बारीक रेघ वर गेली. आणि लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, वाफ. "वा! धूरसुद्धा येतो!" माझ्या पुढच्या खुर्चीतले गृहस्थ बायकोला म्हणाले. ताईने भिंतीवरचा प्लग उपटला, तेव्हा कुठे जळक्या वासाने हॉल गप्प झाला.

शांततेत प्राचार्य पहिलं वाक्य काय बोलले असतील? "पाणी कोणी ओतलं?" नाही. ते म्हणाले, "बाई, मागचंही तुम्हीच जाळलं होतंत ना?"

माईकवर म्हणाले.

ताईच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. "सर, डबा आत्ता उघडते, सगळ्यांसमोर. दोन स्क्रू आहेत. आत पाणी नसेल तर मी आजच घरी जाते."

"पूजेला बसलेलं यंत्र आज उघडत नाहीत. एवढं तरी पाळा."

वा रे पाळणं! पूजेनंतर ते पळवायला चालत होतं. पळालं नाही म्हटल्यावर उघडायला चालेना.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. तिसऱ्या दिवशी इंजिन काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप. निकाल तोंडीच लागला: जोडणीत दोष. दिवाळीनंतर ताईला नवा आदेश मिळाला नाही.

मी शिपाईमामांना फाटकात गाठलं. तुम्ही तर शेजारीच होतात, म्हटलं. ते खाली बघत म्हणाले, "पोरी, म्या दगडावरच फोडला. वाटी त्यांनी घेतली. पन मी बोललो तर उद्या मीबी बाहेर. चार पोरं हायेत मला." मामांवर माझा राग नाही. ज्यांना काहीच गमवायचं नव्हतं, त्या खुर्च्यांवर आहे.

मग मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "तुम्ही चळवळीतली मंडळी प्रत्येक गोष्टीत जात बघता."

"मी नाही बघितली, सर. तुमच्या स्टोअरकीपरने बघितली आणि बोलूनही दाखवली. तुम्ही ऐकलीत."

"झालं गेलं सोडून द्या."

कोणी सोडायचं? ज्याचं गेलं त्याने?

ताई आज चांदवडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवते. कांदेवाले जळलेल्या पंपाच्या मोटरी घेऊन येतात. घाईत असलेला माणूस म्हणतो, "ठेवून जातो, संध्याकाळी नेतो." ताई म्हणते, "बसा काका. तुमच्यासमोर उघडणार. कशाने जळली ते तुम्ही बघा, मग जा." गिऱ्हाईक कुरकुरतं. पण तिच्या दुकानात मोटर मालकाच्या डोळ्यांसमोरच उघडते.

मी पत्रक काढते म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "नोकरी मला नको आता. तो डबा उघडा, एवढंच."

तो डबा अजून बंद आहे. इंजिन कपाटात आहे, गळ्यात पुठ्ठा: नादुरुस्त. नारळाचं पाणी वाळलं तरी तांब्याच्या तारेवर हिरवा डाग सोडून जातं. तो आत असणार. आणि खंडेनवमीला हॉल अजूनही सगळ्यांना खुला असतो.

तेव्हा तुम्ही, हे वाचणारे, त्या दिवशी टाळ्या वाजवलेल्या असोत की नसोत, येत्या खंडेनवमीला तिथे जा. कपाटासमोर उभे राहा आणि कुलूप काढायला लावा. पूजेचं कारण सांगतील, तर दसऱ्याची सुट्टी संपली की पुन्हा जा. दोन स्क्रू आहेत. स्क्रूड्रायव्हर घरून न्या.