पारोळा रस्त्यावर बंद पडलेली पिकअप

नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत. हे एक झालेले नाही.

नव्वदच्या दशकातला उन्हाळा. मी पारोळा तालुक्यात फौजदार होतो. बाळंतपणात अडलेली एक बाई धुळ्याला नेताना वाटेत दगावली, पोटातले बाळही गेले. डिझेल पिकअप भर रस्त्यात बंद पडली होती. चालवणारा तिचा थोरला दीर. भाड्याने चालणाऱ्या या गाडीवरून दोघा भावांत बोलणे बंद होते, त्यामुळे बाईच्या वडिलांनी फिर्याद दिली: दिराने मुद्दाम घात केला.

थोरल्याला चौकशीला बसवले. तो एकच सांगत राहिला, "सकायमा रेडिएटर मी भरेल व्हतं, साहेब. नऊ लिटर मावस. हिरवं कूलंट टाकीसन काठोकाठ."

इंजिन तापल्याचा काटा लाल खुणेवर गेलेला त्याला दिसला होता. मागे भावजय कण्हत होती, म्हणून त्याने गाडी थांबवली नाही. शेवटी इंजिनच जाम झाले. भर दुपारी त्या रस्त्यावर दुसरे वाहन लवकर आले नाही.

गाडीचा पंचनामा केला. होज पाईप शाबूत, वॉटर पंप शाबूत, रेडिएटरला चीर नाही. फक्त तळाची, पाणी सोडायची कळ सैल. हादऱ्याने ती इतकी फिरत नाही.

मग त्यांच्या शेजारच्या अक्का ठाण्यात आल्या. पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "सकायमा धाकला गाडीखाल व्हता. जमीनवर हिरवं पानी सांडेल व्हतं."

धाकटा म्हणजे मेलेल्या बाईचा नवरा.

त्याच्यावर आवाजही चढवावा लागला नाही. कळ कोणी उघडली, एवढेच विचारले. तो म्हणाला, "माले वाटनं, काटा वर जाताच भाऊ गावमाच परत येई. त्यानं भाडं बुडी." कळ उघडून तो शेतात गेला होता. बायकोला कळा त्यानंतर सुरू झाल्या.

थोरल्याला हे मीच सांगितले. तो टेबलाची कड धरून उभा राहिला. म्हणाला, "बठ्ठं मना नाववर लिखा, साहेब. मी पानी देखं नही, असं लिखा."

सगळे त्याच्या नावावर लिहिता येणार नाही, असे मी सांगितले. पण कोर्टात त्याने साक्ष फिरवली. सकाळी पाणी भरले की नाही, आठवत नाही म्हणाला. अक्काही कचरल्या. पोलिसांपुढची कबुली कोर्टात धरत नाहीत; धाकटा सुटला.

कोर्टाबाहेर बाईच्या वडिलांनी मला गाठले. "मंग मनी पोर कसानी मरनी, साहेब?"

गुन्हा उघडकीस आला की कुणाच्या तरी जिवावरचे ओझे उतरते, असे मी तोवर मानत आलो होतो. इथे कुणाचेच उतरले नाही. ते दोघे भाऊ पुढे एकाच घरात राहिले, आणि मी ऐकले ते खरे असेल तर धाकटा त्यानंतर कुठल्याच गाडीत बसला नाही. बाजाराला पायी जायचा.