झरोक्यावरचा पुठ्ठा

अमानवीय वगैरे मी कधीच मानलं नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलायची. तरी हे लिहितेय, कारण मनावरचं ओझं काही केल्या उतरत नाहीये...

आमचं घर लातूरला, क्लासेसच्या भागात. वरची खोली मी शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं देते. भूकंपात माझी आई गेली — दाराची आतली कडी निघालीच नाही. तेव्हापासून आमच्याकडे एकाही दाराला आतून कडी नाही, बाथरूमलासुद्धा. आत कुणी असलं की दारावर टॉवेल टाकायचा, एवढंच.

हदगावहून नीटच्या तयारीला आलेली निलोफर याला फार लाजायची. निदान शेजारच्या जिन्यावरून तरी दिसू नये, म्हणून मीच बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकून दिला. आत गॅस गीझर आहे, हे डोक्यातच आलं नाही.

पुढं काही दिवसांनी ती म्हणाली, "काकू, आंघोळ केली की गरगरायलंय. मग नुसती झोप यायलीय." एकदा उलटीही झाली. मी म्हटलं पित्त असेल, जागरणं कमी कर. लिंबू सरबत दिलं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्टसुद्धा काढली... काही न मानणारी मी!

त्या रविवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि जमीन हादरली. फळीवरची भांडी खणखणली. तो हादरा मला ओळखता येतो हो, चूक होणं शक्यच नाही. निलोफरला हाका मारत मी वर धावले. बाथरूमच्या दारावर टॉवेल होता. दार ढकललं, तर पोरगी फरशीवर निपचित पडलेली. तिला ओढत गच्चीवर मोकळ्या हवेत आणलं. दवाखान्यात लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, गीझरचा विषारी वायू आत कोंडला होता, त्याला वास नसतो. चक्कर, गुंगी, उलट्या त्यानंच. थोडा उशीर झाला असता तर...

घरी परतले, तर भांडी जागच्या जागी. गल्लीत कुणालाच हादरा जाणवला नव्हता. माझ्या शेजारी पेपर वाचत बसलेल्या नवऱ्यालाही नाही.

निलोफर बरी झाली. तिची अम्मी आली, माझे हात डोळ्यांना लावून रडली. "तुमी होत्या म्हणून माझी लेक वाचली," म्हणाली. पुठ्ठा मी त्याआधीच काढून माळ्यावर लपवला होता.

जमीन कुणी हलवली, मला आजही कळलेलं नाही. पुठ्ठा कुणी ठोकला, ते माहीत आहे. आणि त्या माउलीला मी ते अजून सांगितलेलं नाही.